पुसून टाकायचं नाही

हेमंत गेल्याची बातमी आली तेव्हा मी जमिनीखाली होतो. सिंगापूरच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, एका नव्या मार्गाच्या बोगद्यावर मी इंजिनियर म्हणून काम करतो, आणि त्या सकाळी आम्ही जिथे होतो तिथे फोनला रेंज नसते. दुपारी जेवायला वर आलो, हेल्मेट काढलं, आणि खिशातला फोन थरथरायला लागला तो थांबेचना. पहिला मेसेज हेमंतच्या बायकोचा, मीनलचा होता. "अजितदादा, हेमंत गेला. पहाटे झोपेतच. धावपळ करू नका, काम आटोपून या." बाकीचे सगळे इतरांचे, खरं आहे का म्हणून विचारणारे. मी साइट ऑफिसच्या पत्र्याला टेकून उभा राहिलो. आजूबाजूला लोक डबे उघडत होते, कोणीतरी मला पाण्याची बाटली दिली, आणि मी ती हातात धरून ते मेसेज पुन्हा पुन्हा वाचत राहिलो…

स्मशानात भेटायला आलेल्यांपैकी बहुतेकजण एकच शब्द बोलले. सुटला. बिचारा सुटला. त्यांचं चूक नव्हतं. शेवटची काही वर्षं हेमंत स्वतःच्याच शरीरात कोंडलेला होता, आणि चोआ चू कांगमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन आलेल्या माणसाला परतताना लिफ्टमध्ये आपले हातपाय हलतात याचीच शरम वाटायची. पण मी त्याला जवळून पाहिलं होतं. त्याला सुटायचं नव्हतं. त्याला राहायचं होतं, आणि त्यासाठी त्यानं काय काय केलं हे ठाऊक असलेली माणसं थोडी आहेत. म्हणून आज, तो जाऊन काही आठवडे झाल्यावर, हे लिहायला बसलो आहे.

आमची ओळख पुण्यातल्या कॉलेजच्या हॉस्टेलची. तो कॉम्प्युटरचा, मी सिव्हिलचा. हेमंत सबनीस म्हणजे बोलणं, असं तेव्हा समीकरण होतं. मेसमध्ये तो ताट घेऊन बसला की आमटी गार होईपर्यंत बोलायचा. कोणाची नक्कल करायचा, क्रिकेटच्या मॅचचं खोटं समालोचन करायचा, आणि वाद घालायला समोर कोणी नसलं तर दोन्ही बाजूंनी स्वतःच वाद घालायचा. पुढे नोकरीच्या निमित्तानं आम्ही दोघंही सिंगापूरला आलो आणि लग्नं होईपर्यंत यिशुन भागात एकाच फ्लॅटमध्ये एकेक खोली भाड्यानं घेऊन राहिलो. खाली जेवायला उतरलो की हॉकर सेंटरमधल्या स्टॉलवाल्या चिनी आजीशीही तो बोलत बसायचा. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, त्याला चिनी अजिबात नाही, तरी दोघांचं बरंच काही चाललेलं असायचं.

त्याचं काम कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं. कंपनीच्या यंत्रणेत कोणी शिरलं का, कुठून शिरलं, त्याला बाहेर कसं काढायचं, हे तो बघायचा. ट्रोजन म्हणजे काय हे मी त्याच्याकडूनच शिकलो. आपण काहीतरी उपयोगी म्हणून उतरवून घेतो, त्याच्या पोटात दुसरंच काही लपून येतं, आणि मग ते आत बसून बाहेरच्याला दार उघडून देतं. "कुलूप फोडून येणारे फार कमी असतात रे," तो म्हणायचा, "बाकीच्यांना आपणच या बसा म्हणतो." ओळखीच्या मराठी कुटुंबांत कोणाचाही घरचा कॉम्प्युटर अचानक मंदावला किंवा आपोआप जाहिराती दाखवायला लागला की निरोप हेमंतला जायचा. गणपतीला कोणाकडे आरतीला जावं तर प्रसादाच्या आधी यजमान लॅपटॉप घेऊन यायचे. तो मांडी घालून बसायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, "शेवटचं नवीन काय टाकलं?" कोणी टाकलं हे त्यानं कधी विचारलं नाही. मी एकदा त्याबद्दल बोललो तर म्हणाला, "कोणी म्हटलं की माणूस खोटं बोलायला लागतो. मग ते शोधायला दुप्पट वेळ जातो."

आणि प्रत्येकाला तो एकच सल्ला द्यायचा. मी जमेल तेवढं साफ केलं आहे, पण एकदा आत कोणी शिरलं की त्या यंत्रावर पुन्हा पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. आपल्या फाइल बाजूला काढा, सगळं पुसून टाका, आणि कोऱ्या पाटीवर नव्यानं सुरुवात करा. लोकांना ते नको असायचं. तो मात्र हटायचा नाही.

आजाराची सुरुवातही बोलण्यापासूनच झाली. एका रविवारी आमच्या घरी जेवायला आला असताना तो "श्रीखंड" म्हणाला आणि शब्द तोंडात घसरला. आम्ही हसलो. तोही हसला. पुढच्या महिन्यांत शब्द घसरतच राहिले, मग शर्टाची बटणं लागेनात, मग पायऱ्या. बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनच्या आजाराचं नाव घेतलं. स्नायू एकेक करून आज्ञा ऐकेनासे होतात, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहतं. हे ऐकून आल्यावर हेमंत मला म्हणाला, "म्हणजे मी आत असणार आणि बाहेर यायला वाट नसणार." एवढंच. त्यानंतर तो रडला असेल तर ते मीनललाच ठाऊक.

नोकरी गेली तसा त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहायचा परवानाही गेला. मीनलच्या नोकरीवर तो डिपेंडंट म्हणून राहिला. पुण्याला परतायचा विचार त्यांनी केला होता, पण इथले डॉक्टर, मुलीची, इराची शाळा, आणि मीनलची नोकरी म्हणजेच तिघांचं इथे असणं… हलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मीनल एकदा मला म्हणाली होती, "राहता येत नाही आणि जाताही येत नाही, दादा. रोज सकाळी कामाला लागायचं, बस."

आवाज पूर्ण जाण्याआधी हेमंतनं तो साठवून ठेवायला घेतला. रोजची वाक्यं त्यानं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केली. "मीनल, जरा इकडे ये." "पाठ वळव." "इरा, जेवलीस का?" "इरा, झोप आता." त्यातल्या शेवटच्या काही वाक्यांत त्याची जीभ जड झालेली कळते. मग डोळ्यांनी चालवायचा कॉम्प्युटर आला. पडद्याच्या खाली बारीक कॅमेऱ्याची एक पट्टी असते, ती डोळ्यांची बुबुळं टिपते. ज्या अक्षराकडे क्षणभर बघत राहाल ते अक्षर उमटतं. रेकॉर्ड केलेलं वाक्य निवडलं तर त्याच्या आवाजात ऐकू यायचं, आणि नवीन काही लिहिलं तर ते यंत्राच्या आवाजात. त्या यंत्राला "ळ" म्हणता येत नव्हतं. हेमंत मुद्दाम "ळ" असलेली वाक्यं लिहायचा. "कावला काला" ऐकून इरा पोट धरून हसायची.

वापरून वापरून तो कॉम्प्युटर त्याला ओळखायला लागला होता. त्यानं "अ" कडे पाहिलं की "अज्या" हा शब्द पुढे यायचा, म्हणजे मी. दोन अक्षरांत आख्खं वाक्य व्हायचं. त्याच्यावर तो मित्रांना मेल लिहायचा, बातम्या वाचायचा, मॅच बघायचा, कॉलेजच्या ग्रुपवर वाद घालायचा. खोलीच्या खिडकीतून त्याला समोरच्या ब्लॉकची वाळत घातलेल्या कपड्यांची रांग तेवढी दिसायची. बाकीचं जग त्या पडद्यातून येत होतं.

मग एका शनिवारी सकाळी मला हेमंतची मेल आली. इंग्रजीत, "प्रिय मित्रा" अशी सुरुवात, आणि सोबत एक फाइल, कृपया उघडून बघ म्हणून. हेमंतनं उभ्या आयुष्यात मला प्रिय म्हटलं नव्हतं. मी ती उघडली नाही, मीनलला फोन केला. ती म्हणाली, "मी आत्ता तुम्हालाच करणार होते. काल संध्याकाळपासून काहीतरी झालंय. तो एका अक्षराकडे बघतोय आणि बाण दुसरीकडेच जातोय. मधेच आपोआप खिडक्या उघडतात. त्यानं कसंबसं एक वाक्य लिहिलं." मी विचारलं काय लिहिलं. "आत कोणीतरी आहे."

मी माझा लॅपटॉप घेऊन निघालो. माझ्या पुंगोलच्या घराहून चोआ चू कांग म्हणजे बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं. ट्रेनमध्ये बसून मला एकच चित्र दिसत होतं. हेमंतच्या चेहऱ्यासमोरचा तो कॅमेरा. सगळ्यांना लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावायला सांगणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या समोरचा कॅमेरा झाकता येत नव्हता, कारण तो झाकला की त्याचं बोलणं बंद. कोण कुठला माणूस आत शिरून त्याला पलंगावर पडलेला बघत असेल… मी पोचल्यावर हे त्याला बोलून दाखवलं. त्यानं बराच वेळ घेऊन, निसटणाऱ्या बाणाशी झगडत लिहिलं, "बघू दे. कंटाळेल."

त्यानं पहिली गोष्ट मला करायला लावली ती इंटरनेटची जोडणी काढायची. वायफायचा राउटरच बंद केला. मग मीनलच्या फोनवरून, फोनच्याच नेटनं, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदलून घेतला. बिघडलेल्या कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड लिहायचा म्हणजे चोरासमोर नवी किल्ली घडवायची, हे त्यानं आम्हाला अनेकदा ऐकवलं होतं. मीनलनं तो कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी फार सौम्यपणे बोलली. कॉम्प्युटर आमच्याकडे पाठवा, आम्ही सगळं पुसून नव्यानं बसवून देतो, काही आठवडे लागतील. रेकॉर्डिंगची प्रत वेगळी ठेवलेली होती, ती सुरक्षित होती. पण त्या यंत्रानं शिकलेले शब्द, त्याच्या डोळ्यांची सवय, ते बाहेर काढून ठेवता येत नव्हतं. ते सगळं जाणार होतं. आणि तेवढे आठवडे हेमंतनं गप्प राहायचं होतं.

मी म्हणालो, "तूच म्हणतोस ना, पुसून टाकायचं म्हणून." त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "माझ्याकडे आठवडे नाहीत. पुसून टाकायचं नाही." आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं असणार, कारण त्यानं पुढे लिहिलं, "शरीराची उपमा देऊ नकोस." मी खरंच ती देणार होतो.

साफ करायचं तर कॉम्प्युटर बंद करावा लागणार होता. माझ्या लॅपटॉपवर तयार केलेल्या पेनड्राइव्हवरून तो सुरू करायचा, म्हणजे आत बसलेला प्रोग्रॅम जागा होत नाही आणि त्याला झोपेतच पकडता येतं. पण तेवढा वेळ डोळ्यांचा कॅमेराही चालणार नव्हता. सूचना देणारा एकटा तो, आणि नेमका तोच मुका होणार. मीनलनं कपाटातून एक पारदर्शक प्लॅस्टिकचा तक्ता काढला. त्यावर तिनं जाड पेनानं मुळाक्षरं लिहिली होती. मी एकेक ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की तो डोळे वर करायचा. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. तक्त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी त्याचे डोळे इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

मला कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही. बोगदा खणायचं यंत्र मला विचारा. त्यामुळे पडद्यावर जे येईल ते मी मोठ्यानं वाचायचं, तक्ता उचलायचा, अक्षरं जुळवायची, आणि तो सांगेल ते बटण दाबायचं. एकेक सूचना जुळवायला इतका वेळ जायचा की मी निम्म्यातच शब्द ओळखायचा प्रयत्न करायचो, चुकायचो, आणि तो डोळे मिटून घ्यायचा. हॉस्टेलमध्ये माझ्याशी वाद घालताना वैतागला की तो असेच डोळे मिटायचा. इरा कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नुकतीच सेकंडरी शाळेत गेलेली. ती सकाळपासून जेवलीही नव्हती.

पेनड्राइव्हवरच्या अँटिव्हायरसनं दुपारी एक ट्रोजन पकडला. तो काढून टाकला, कॉम्प्युटर पुन्हा नेहमीसारखा सुरू केला. हेमंतनं पडद्याकडे पाहिलं. एक शब्द नीट उमटला. मीनलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या शब्दाला बाण हळूच डावीकडे सरकला… आणि सरकतच गेला. मी बटण दाबून सगळं बंद केलं.

ज्याला आपण काढलं तो पुन्हा येतो म्हणजे आत आणखी कोणीतरी आहे, जो त्याला पुन्हा आणतो. एवढं मलाही कळलं. मी आणि मीनल पडद्यावर वाकलो. पेनड्राइव्ह पुन्हा लावला, पुन्हा शोध सुरू केला, काहीच सापडेना. मी म्हणत होतो हे बघ, ती म्हणत होती ते बघ. आम्हा दोघांची पाठ पलंगाकडे होती.

"Aai, Baba's eyes," इरा ओरडली.

हेमंतच्या घशात कफ अडकला होता. एरवी असं झालं की तो कॉम्प्युटरवरची घंटा वाजवायचा. घंटा त्याच कॉम्प्युटरमध्ये होती. त्याचा चेहरा काळवंडला होता, आणि त्या चेहऱ्यावर डोळे तेवढे हलत होते, जोरात, आमच्या पाठींकडे बघत. मीनलनं कफ ओढायचं मशीन लावलं. तिचे हात सराईत होते, माझे नुसतेच त्याच्या खांद्यावर. मशीनचा घर्रघर्र आवाज, आणि मग एकदाचा तो श्वास… मीनल त्याचं तोंड पुसत राहिली, पुसायचं काही उरलं नव्हतं तरी. कोंडलेलं असणं म्हणजे काय हे मी त्या दिवसापर्यंत डोक्यानं समजून घेत होतो. हाका मारणारा माणूस खोलीत आहे, ऐकणारे तीन हातांच्या अंतरावर आहेत, आणि हाक पोचत नाही.

तेव्हा इरा रडायला लागली. "It's me," ती म्हणाली, "I downloaded something. मी केलं."

मीनल झटकन वळली. "इरा, काय केलंस तू?" तिचा आवाज चढला होता आणि चढणारच होता, पण हेमंत तक्त्याकडे बघत होता. मी तक्ता उचलला. दोन अक्षरं. कधी?

इरानं बाह्यांनी डोळे पुसले. मंगळवारी, शाळेतून आल्यावर, बाबा झोपला होता तेव्हा. कुठलासा फुकटचा प्रोग्रॅम होता. कोणाच्याही रेकॉर्डिंगवरून त्या आवाजात नवीन वाक्यं बनवून देतो म्हणणारा. तिनं तो बाबाच्या कॉम्प्युटरवर उतरवला, तो चाललाच नाही, म्हणून तिनं काढून टाकला. निदान तिला तसं वाटलं.

हेमंतनं पुढची अक्षरं दिली तेव्हा मी शब्द ओळखायची घाई केली नाही. "त्या वेळच्या फाइल बघ." त्या मंगळवारी, त्या दुपारी कॉम्प्युटरमध्ये जे जे नवीन आलं ते मी शोधून काढलं. त्यात एक प्रोग्रॅम प्रिंटरच्या नावाचा होता. कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप सुरू होणारा. मी नाव वाचलं आणि मीनलकडे पाहिलं. ती म्हणाली, "पण आपल्याकडे प्रिंटरच नाही." हेमंतचे डोळे वर गेले आणि वरच राहिले. हो. हाच.

तो काढला. त्यानं स्वतःला आपोआप सुरू होण्यासाठी जिथे जिथे नोंदवून ठेवलं होतं तिथून काढला. मग पुन्हा पहिल्यापासून तपास, बाजूला ठेवलेल्या रेकॉर्डिंगच्या प्रतीचाही. ते चालू असताना आम्हाला करण्यासारखं काही नव्हतं. हेमंतनं तक्ता मागितला, पण माझ्याकडे नाही. इराकडे. ती तक्ता घेऊन पलंगाच्या कडेला बसली. मराठी अक्षरं लावायला तिला वेळ लागतो, ती एकेक पुटपुटत होती. त्यानं विचारलं होतं, "काय ऐकायचं होतं?"

"Anything lah," ती म्हणाली. "तू फक्त तेच तेच म्हणतोस. जेवलीस का, झोप आता. I want you to say normal things. Scold me also can."

हेमंतच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. त्याला पुसता येत नव्हत्या, आणि इरानंच आपल्या बाहीनं त्या पुसल्या. मग त्यानं तिला एक लांबलचक वाक्य दिलं. तिनं अक्षर अक्षर जुळवत स्वतःच मोठ्यानं वाचलं, "गाढवा, फुकट मिळतं म्हणून काहीही उघडायचं नसतं, आणि सकाळपासून जेवली नाहीस, आधी ताट वाढून घे." शेवटाला येईपर्यंत ती रडत होती की हसत होती ते मला सांगता येणार नाही. मीनल उठून स्वयंपाकघरात गेली. वरणभात गरम केल्याचा वास आला तेव्हा मला कळलं की आम्हीही कोणी जेवलो नव्हतो.

दिवस कलायला आला तेव्हा कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. हेमंतनं पडद्याकडे पाहिलं. बाण जिथल्या तिथे राहिला. आम्ही तिघं त्याच्या मागे उभे राहून बघत होतो. यंत्राच्या आवाजानं खोलीत पहिलं वाक्य म्हटलं, "कंटाला आला, चहा करा." त्याला तो चहा चमच्यानं ओठांना लावण्यापुरताच चालायचा, पण मीनलनं आल्याचा केला, सगळ्यांसाठी.

त्याचं दुसरं वाक्य मात्र असं होतं: "हा आता कधीच नेटला लावायचा नाही." मला वाटलं तो त्या दिवसाच्या धसक्यानं बोलतोय. तसं नव्हतं. त्याचा जुना नियम त्यानं मोडला होता, यंत्र पुसलं नव्हतं, म्हणजे त्याच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नव्हता. एखादा तुकडा कुठे राहिला असला तरी बाहेरच्या जगाशी जोडणी नसेल तर त्याला काही करता येणार नाही. आवाज ठेवायचा तर खिडकी बंद करायची. मेल नाही, बातम्या नाहीत, मॅच नाही, कॉलेजच्या ग्रुपवरचा वाद नाही. मी म्हटलं, दुसरा एखादा साधा टॅब्लेट लावू. लावूनही पाहिला, पण त्याचे डोळे त्या यंत्राला सरावले होते, दुसऱ्यावर ते लवकर थकायचे. शेवटी त्यानं तो काढायला सांगितला. जे आधीच इतकं लहान होतं ते जग त्यानं आपणहून आणखी लहान केलं, घरातल्यांशी बोलता यावं म्हणून. मला ते त्या वेळी सोसलं नाही. घरी जाताना ट्रेनमध्ये मी त्याच्यावर रागावलो होतो.

त्यानंतर आम्ही मित्र पाळीपाळीनं जायला लागलो. बाहेरचं जग त्याच्याकडे जात नाही तर कोणीतरी ते घेऊन जायला हवं. माझ्या वाट्याला रविवारची सकाळ आली. त्याला मान वळवता येत नव्हती, म्हणून मीनलनं इराची जुनी अभ्यासाची खुर्ची सगळ्यात खाली करून पलंगाशेजारी एका ठरलेल्या जागी ठेवली होती. तिथे बसलं की बसणाऱ्याचा चेहरा बरोबर त्याच्या नजरेत यायचा. गुडघे छातीशी यायचे, पण त्याची हरकत नव्हती. मी पेपर मोठ्यानं वाचायचो. प्रत्येक बातमी संपली की थांबायचो. त्याला काही म्हणायचं असलं तर तो लिहायचा, नसलं तर पापण्या मिटून उघडायचा. म्हणजे पुढे. तो फार बोलायचा नाही त्या दिवसांत, डोळेही दमायला लागले होते. पण इराशी बोलायला तो ताकद राखून ठेवायचा. ती शाळेतून आली की दार लोटून घ्यायची आणि आतून यंत्राचा "ळ" नसलेला आवाज यायचा, मधेच तिचं "Eh Baba, cannot lah" आणि हसणं. काय बोलायचे ते मी विचारलं नाही.

एका रविवारी वाचता वाचता त्यानं मला थांबवलं. "बोगद्यात भीती वाटते?"

मी म्हणालो, पहिल्यांदा उतरलो तेव्हा फार वाटली. वर किती माती आहे त्याचाच विचार यायचा. नंतर समोरच्या कामाकडे बघायला लागलो की वाटेनाशी झाली.

त्यानं लिहिलं, "तेच." आणि पापण्या मिटून उघडल्या. मी पुढची बातमी वाचली.

तो गेला तो आठवड्याच्या मधल्या एका पहाटे. आदल्या संध्याकाळी इराची गणिताची परीक्षा कशी गेली ते त्यानं विचारलं होतं, तिनं so-so म्हटलं होतं, आणि त्यानं तिला "खोटारडी" म्हटलं होतं. मीनलनं मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. नंतर मात्र बराच वेळ हसली नाही.

गेल्या रविवारी मी चोआ चू कांगला गेलो. आता जायचं तसं काही कारण नव्हतं, पण पाय त्या ट्रेनकडे वळले. भाड्यानं आणलेला पलंग कंपनीवाले घेऊन गेले आहेत. कफ ओढायचं मशीन मीनलनं दुसऱ्या एका रुग्णाला दिलं. खोलीत फरशीवर पलंगाच्या चाकांचे डाग आहेत, आणि त्यांच्या शेजारी ती बुटकी खुर्ची जिथल्या तिथे आहे, समोर नुसती भिंत. मीनल म्हणाली, हलवायची आहे, राहून जातंय. ती चहा ठेवायला आत गेली. मी त्या खुर्चीवर बसलो, गुडघे छातीशी आले. पिशवीतून पेपर काढला आणि मनातल्या मनात वाचायला लागलो.

"मोठ्यानं वाचा ना, दादा," स्वयंपाकघरातून मीनलचा आवाज आला. "इथवर येत नाहीये."

मी मोठ्यानं वाचायला लागलो. कुठल्याशा बसचा मार्ग बदलणार असल्याची बातमी होती. इरा येऊन दाराच्या चौकटीला टेकून बसली. बातमी संपली आणि मी थांबलो, भिंतीकडे बघत. आत गॅसवर पाणी उकळत होतं. किती वेळ थांबलो कोण जाणे…

"पुढची," मीनल म्हणाली.

मी पान उलटलं.